एअरब्रशने चेहरा रंगवताना

एअरब्रश हाती आला की चेहऱ्यावरच्या मऊ छटा आपोआप जमतील, हा समज नवशिक्याला महागात पडतो. दुहेरी खटक्याचा एअरब्रश फक्त फवारा देतो: खटका खाली दाबला की हवा, मागे ओढला की रंग. कागदाजवळ नेला तर बारीक रेघ, लांब धरला तर धूसर पट्टा. पण गालावरचा उजेड नेमका कुठे संपतो, हे डोळ्यालाच ओळखावे लागते. म्हणून सुरुवात एकाच, भरपूर पातळ केलेल्या काळ्या रंगाने करावी आणि फिकट थरांवर थर चढवत जावे. गडद झालेला भाग पुन्हा उजळायचा तर रंग खरवडावाच लागतो.

अमेरिकी चित्रकार चक क्लोज यांचे १९६७-६८ मधले भव्य आत्मचित्र याचा सबळ पुरावा आहे. सुमारे ९ फूट उंचीचा तो कृष्णधवल चेहरा त्यांनी छायाचित्रावर चौकटी आखून, अगदी थोड्या काळ्या रंगात एअरब्रशने घडवला. बारीक तपशिलासाठी पात्याने रंग खरवडला. ही तर फोटोची नक्कल, असा आक्षेप घेतला जातो. तो पटत नाही. फोटोतली धूसरताही चौकटीगणिक पारखून हातानेच उभी करावी लागते, आणि त्या प्रत्येक ठिकाणी निर्णय चित्रकाराचाच असतो. तेव्हा महागडे यंत्र घेण्याआधी डोळा, नाक, ओठ पेन्सिलने छटांसह रेखाटायला शिका.