उसाची विद्याशाखा कोणती?

१८ नोव्हेंबर १९६२ रोजी राष्ट्रपती डॉ. राधाकृष्णन यांच्या हस्ते कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचं उद्घाटन झालं. विद्यापीठ नवं होतं, ज्ञानाची वाटणी मात्र जुनीच. इथल्याच, १८८० पासूनच्या राजाराम कॉलेजने आधी मुंबईच्या आणि नंतर पुण्याच्या विद्यापीठाकडून घेतलेले कला, विज्ञान, वाणिज्य, कायदा हेच कप्पे इथेही आले.

त्याच्या आधीच शिक्षणतज्ज्ञ जे. पी. नाईकांनी गारगोटीला मौनी विद्यापीठात वेगळी वाट धरली होती. आधी गाव बघायचं, त्याला काय हवं ते ठरवायचं आणि मग विषय शोधायचे. नाईक पुढे शिक्षणावरच्या कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव झाले. त्यांची ही उलटी मांडणी मात्र मुख्य प्रवाहात मुरली नाही, असं मला वाटतं.

त्यानंतर कप्पे हलले ते बहुधा कायद्यामुळे. १९९८ मध्ये नाशिकला आरोग्य विज्ञान विद्यापीठ झालं आणि वैद्यक तिकडे गेलं. २०१६ च्या विद्यापीठ कायद्याने तर सगळ्या ज्ञानाच्या चारच विद्याशाखा केल्या: विज्ञान व तंत्रज्ञान, वाणिज्य व व्यवस्थापन, मानव्यविद्या आणि आंतरविद्याशाखीय अभ्यास. कायद्याचा अभ्यास मानव्यविद्येत गेला, औषधनिर्माणशास्त्र विज्ञानात. शिक्षणशास्त्र, ग्रंथालयशास्त्र, पत्रकारिता यांना चौथं घर मिळालं. दोन शास्त्रं एका प्रश्नाशी भेटतात ते आंतरविद्याशाखीय, अशी माझी समजूत. इथे मात्र पहिल्या तीन पंगतींत ज्यांना पान मिळालं नाही, त्यांची चौथी पंगत बसवल्यासारखं दिसतं.

या नकाशाची परीक्षा घ्यायला कोल्हापुरात ऊस पुरेसा आहे. ग्रंथालयातल्या ड्युईच्या वर्गीकरणात ऊस हे पीक ६३३.६१ वर, साखर ६६४.१ वर आणि सहकार ३३४ वर. एकाच साखर कारखान्याची तीन कपाटं! रंगनाथनांनी १९३३ च्या द्विबिंदू वर्गीकरणात यावर तोड काढली. विषयाला एकच ठरलेली जागा द्यायची नाही, त्याचे पैलू सुटे करायचे आणि गरजेप्रमाणे जोडायचे. ऊस, हुमणी ही कीड, नियंत्रण, कोल्हापूर, अमुक साल, असं. हे मला जास्त पटतं, कारण शेतकऱ्याचा प्रश्नही असाच जोडून येतो.

साखर उताराच घ्या, म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेचं प्रमाण. तो मोजला जातो कारखान्याच्या प्रयोगशाळेत, म्हणजे ते रसायनशास्त्र. त्यावर एफआरपी (उसाचा किमान दर) ठरते, म्हणजे अर्थशास्त्र आणि कायदा. दरावरून ऊसतोड अडते, रस्त्यावर ट्रॅक्टर थांबतात, तेव्हा ते राज्यशास्त्र. आणि बीडहून आलेल्या तोडणी टोळीची पोरं फडाच्या कडेला राहतात, त्यांची शाळा बुडते, हा समाजशास्त्राचा आणि शिक्षणशास्त्राचा प्रश्न. आकडा तोच.

२०२० च्या शैक्षणिक धोरणाने मेजर-मायनर आणलं, पदवीला थोडी सरमिसळ होऊ लागली. पीएच.डी.लाही दुसऱ्या विषयाचा सहमार्गदर्शक घेता येतो. पण अर्जातल्या विषयाच्या रकान्यात नाव एकच लिहायचं. उताऱ्यावर काम करणारा विद्यार्थी मग मार्गदर्शक ज्या विभागात मिळेल, त्या विभागाचा होतो.