भूतविद्या, विषचिकित्सा आणि जादूटोणाविरोधी कायदा

महाराष्ट्र नरबळी आणि इतर अमानुष, अनिष्ट व अघोरी प्रथा व जादूटोणा यांना प्रतिबंध करणारा अधिनियम २०१३ साली संमत झाला. त्यास एक तप उलटून गेले. तरीही या कायद्याने आपल्या शास्त्रातील भूतविद्येवर गदा आली, असा समज आपल्या बांधवांत अजून आढळतो. आम्हीही त्यास अपवाद नव्हतो. २००५ साली हे विधेयक विधानसभेत संमत झाले व पुढे विधान परिषदेत अडले. त्या सुमारास नुकतीच पदवी घेतलेल्या आम्ही त्याच्या विरोधातील एका निवेदनावर सही केली होती. मसुदा वाचला नव्हता. अष्टांगांपैकी एक अंग गुन्हा ठरणार, एवढे ऐकले आणि लेखणी उचलली.

त्यानंतर काही वर्षांनी श्रावणात पहाटे एका शेतमजूर बाईंना आमच्या दवाखान्यात आणले गेले. रात्री जमिनीवर झोपल्या असता दंश झाला होता. दंशस्थानी सूज नाही, वेदनाही विशेष नाही. नातलगांनी त्यांना प्रथम शेजारच्या गावी उतारा करणाऱ्याकडे नेले. त्याने मंत्र घातला, कडुनिंबाचा पाला खाऊ घातला आणि दवाखान्यात नेल्यास मंत्र उतरेल असे बजावले. आमच्याकडे आल्या तेव्हा पापण्या मिटत होत्या आणि शब्द अडखळत होता. मण्यारीचा दंश असा फसवा असतो. आम्ही जीपगाडीतून त्यांना पुढे पाठविले. उंद्रीहून चिखली गाठण्यापूर्वीच श्वास थांबला. त्या चार-पाच तासांत सर्पविषप्रतिबंधक लस मिळाली असती तर, हा विचार आमचा पाठलाग अजून सोडीत नाही.

कायद्याच्या अनुसूचीत बारा कृत्ये दिली आहेत. त्यांपैकी एक नेमके हेच आहे : साप, विंचू वा कुत्रा चावलेल्या व्यक्तीस वैद्यकीय उपचार घेण्यापासून रोखणे आणि त्याऐवजी मंत्रतंत्र, गंडेदोरे यांचा उपचार करणे. येथे शब्द बारकाईने पाहावेत. मंत्र म्हणणे हा गुन्हा नाही. घरातील वृद्धेने रुग्णाच्या उशाशी बसून नामस्मरण केले तर कायद्याचे काही म्हणणे नाही. उपचारापासून अडविणे हा गुन्हा आहे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षे कारावास आणि पाच हजार ते पन्नास हजार रुपये दंड. गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र आहे. यात्रा, प्रदक्षिणा, हरिपाठ, कीर्तन, भजन यांना कायद्यातच स्पष्ट वगळले आहे. वारकरी बांधवांनी घेतलेल्या आक्षेपांमुळे मसुद्यात बरीच काटछाट झाली, हे येथे सांगणे आवश्यक आहे. निवेदने, हरकती, मोर्चे यांनी विधेयक घडते ते असे.

आता शास्त्राचा प्रश्न. चरकाचार्यांनी विषाचे चोवीस उपक्रम सांगितले, त्यांत मंत्र पहिला आहे, हे खरे. पण त्यापुढे तेवीस उपक्रम आहेत आणि ते सर्व कृती सांगणारे आहेत. ज्या काळी प्रतिविष ठाऊक नव्हते त्या काळी वैद्याने हात जोडून बसू नये, असा त्याचा आशय आम्ही घेतो. सुश्रुतांनी दंशाच्या चार अंगुळे वर अरिष्टाबंधन सांगितले. आज घट्ट आवळलेल्या दोरीने अवयव गमावल्याची उदाहरणे समोर असता तो अवयव केवळ हालचालरहित ठेवून रुग्ण त्वरेने हलविणे हेच योग्य होय. नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चारही विषांवर एकच लस चालते आणि ती मुंबईच्या हाफकिन संस्थेतही तयार होत आली आहे. तिला पर्याय आपल्या कोणत्याही कल्पात नाही, हे वैद्यानेच सांगितले तर लोक ऐकतात.

उन्मादाची बाब अधिक अडचणीची आहे. निदानस्थानात चरक म्हणतात की देव, गंधर्व, पिशाच आपणहून कोणास पीडा देत नाहीत. मूळ प्रज्ञापराधात असते. हा विचार आपण अभिमानाने सांगतो. पण चिकित्सास्थानात उन्मादी रुग्णास बांधणे, चाबकाने मारणे, दात काढलेला साप दाखवून भिवविणे हेही आले आहे, आणि ते आपण सहसा सांगत नाही. अनुसूचीतील पहिलेच कलम भूत उतरविण्याच्या नावाखाली दोरीने वा साखळीने बांधणे, मारहाण करणे, मिरचीची धुरी देणे यांविषयी आहे. मग कायदा आपल्या ग्रंथाविरुद्ध आहे काय? त्या भागापुरता आहे, आणि आमच्या मते तो योग्य आहे. सत्त्वावजय, स्नेहन-शोधन, मेध्य रसायने यांना त्याने हातही लावलेला नाही. तमिळनाडूतील एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी साखळदंडांनी बांधलेले २८ मनोरुग्ण आगीत होरपळून मेले; पुढे २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मनोरुग्णास कोणत्याही प्रकारे साखळी घालणे निषिद्ध ठरविले.

आपल्या जिल्ह्यात पिंपळगाव सराई येथे सैलानी बाबांच्या दर्ग्यावर होळीच्या सुमारास मोठी यात्रा भरते. दूरदूरहून मनोरुग्णांना घेऊन कुटुंबे येतात. त्यांची श्रद्धा हा आपला विषय नाही. ती कुटुंबे वाटेत आपल्यासारख्यांच्या दवाखान्यांत ज्वर, अतिसार, जखमा यांसाठी थांबतात. त्या वेळी रुग्णाच्या मनगटावरील व्रण पाहून दोन शब्द विचारणे आणि चालू असलेली औषधे बंद करू नका असे सांगणे, हा आपला विषय आहे.

डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी या कायद्यासाठी अनेक वर्षे प्रयत्न केले. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची हत्या झाली, त्याच आठवड्यात अध्यादेश निघाला आणि डिसेंबरमध्ये नागपूर अधिवेशनात कायदा झाला. कर्नाटकाने २०१७ मध्ये व गुजरातने २०२४ मध्ये असेच कायदे केले. ज्या राज्यांत तो नाही, तेथील वैद्यबांधवांनी मसुदा येताच आधी तो वाचावा, आणि भूतविद्येचा कैवार घेऊन आमच्यासारखी घाईने सही करू नये.

अनुसूचीची मराठी प्रत आम्ही दवाखान्याच्या भिंतीवर लावली आहे. तिच्या शेजारी १०८ हा रुग्णवाहिकेचा क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहिला आहे. पावसाळ्यापूर्वी प्रत्येकाने आपल्या नजीकच्या ग्रामीण रुग्णालयात लस किती कुप्या आहे, याची चौकशी करून ठेवावी, ही विनंती.