मापांतलें पाप कोणाचें?

वाण्याच्या दुकानांत पारडीं रिकामीं असतांना तराजूचा कांटा मध्यावर आहे कीं नाहीं, हें पाहून मगच पिशवी पुढें करणारी गृहिणी जें शास्त्र पाळते, तेंच विजेच्या मोजमापासहि लागू पडतें. मापांत पाप असेल, तर तें तराजूचें, वजनांचें, कीं तोलणाऱ्याच्या हाताचें, हें ठरविल्यावांचून भांडण्यांत अर्थ नसतो. हाताच्या पंजांत मावणारा स्वस्त ऑसिलोस्कोप विकत घेऊन त्याच्या चुकीच्या आंकड्यांनीं हैराण झालेल्या हौशी मनुष्याची स्थिति नेमकी अशीच होते. तो यंत्राला दूषण देतो. पण पुष्कळदां पाप असतें तें तोलणाऱ्याच्या हाताचें.

ऑसिलोस्कोप म्हणजे बदलत्या विद्युद्दाबाचा आलेख पडद्यावर काढून दाखविणारें यंत्र. जर्मन शास्त्रज्ञ कार्ल फर्डिनंड ब्राउन यांनीं १८९७ सालीं कॅथोड-किरणांची नळी तयार करून या विद्येचा पाया घातला. पुढें कित्येक दशकें हें यंत्र प्रयोगशाळेच्या मेजावरचें जड व महाग धूड होतें. आज तेंच काम खिशांत मावणारी पेटी करते आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारांतून ती विद्यार्थ्यालाहि घेतां येते. तिच्यांत काचेची नळी नसते. आंत आलेल्या दाबाचे लक्षावधि नमुने दर सेकंदाला घेतले जातात, प्रत्येकाला एक आंकडा मिळतो आणि त्या आंकड्यांची रेषा पडद्यावर उमटते. या मार्गावर चूक कोठें शिरली तें शोधावयाचें, तर कांहीं एक क्रम पाहिजे.

पहिला प्रश्न शून्याचा. यंत्र सुरू करून दहा-पंधरा मिनिटें तसेंच ठेवावें, म्हणजे आंतील भाग नेहमीच्या उष्णतेला येतात. मग तें डी.सी. वर ठेवून प्रोबचें टोंक प्रोबच्याच ग्राउंडच्या चिमट्याला जोडावें. आतां दाब शून्य असलाच पाहिजे. रेषा शून्याच्या खुणेवर न बसतां वर किंवा खालीं राहिली, तर तेवढी चूक प्रत्येक मापांत मिसळणार, हें उघड आहे. बहुतेक यंत्रांत ही चूक आपोआप काढून टाकण्याची सोय असते. माहितीपत्रकांत सांगितल्याप्रमाणें ती एकदां चालवावी. प्रोबची तार हलवितांच रेषा उड्या मारूं लागली, तर ती तार आंतून तुटली असण्याचा संभव अधिक. तेथें यंत्राला बोल लावूं नये.

दुसरा प्रश्न ओळखीच्या दाबाचा. नवा अल्कलाइन सेल सुमारें १.५ ते १.६ व्होल्ट देतो. ७८०५ या क्रमांकाचा नियंत्रक पांच व्होल्टच्या आसपास दाब देतो. दोन्ही प्रथम चांगल्या मल्टिमीटरनें मोजून टिपून ठेवावेत व मग ऑसिलोस्कोपच्या एकाच पल्ल्यावर मोजावेत. दोन्ही ठिकाणीं सारखीच, समजा ०.२ व्होल्टची, वाढ दिसली, तर चूक बेरजेची, म्हणजे शून्याची आहे. परंतु दीडाचे १.६५ आणि पांचाचे ५.५ दिसले, तर चूक गुणाकाराची आहे. शून्य कितीहि सारखें केलें तरी ती जाणार नाहीं. एकाच पल्ल्यावर चूक व इतरांवर ठीक, असें आढळलें, तर त्या पल्ल्याचे दाब विभागणारे रेझिस्टर संशयास पात्र ठरतात.

गुणाकाराच्या चुकांत सर्वांत प्रसिद्ध चूक दहापटीची. प्रोबच्या दांड्यावर एक इवलीशी कळ असते. ती एकपट व दहापट अशा दोन जागीं सरकते. दहापटीवर ठेवतांच प्रोबमधील नऊ मेगओहमचा रोध मध्यें येतो आणि यंत्राच्या स्वतःच्या एक मेगओहमबरोबर दाबाची वांटणी होऊन दशांशच दाब आंत पोंचतो. यंत्रालाहि दहापट सांगितलें असेल, तर तें गुणून खरा आंकडा दाखवितें. कळ एकीकडे व यंत्र दुसरीकडे राहिलें, कीं सेल पंधरा व्होल्टचा होतो किंवा पावणेदोन दशांशांहूनहि कमी भरतो. तेथें हंसूं येतें. परंतु याच चुकीला एक भयंकर रूप आहे. घरच्या २३० व्होल्टच्या विजेवर चालणाऱ्या पुष्कळशा पॉवर सप्लायमधील मोठा कपॅसिटर सुमारें ३२५ व्होल्टपर्यंत भारला जातो आणि बटण बंद केल्यावरहि कांहीं वेळ भारलेलाच राहूं शकतो. कळीच्या घोटाळ्यानें पडद्यावर तेथें ३२ व्होल्ट उमटतात. बत्तीस व्होल्ट म्हणजे हात लावण्यास हरकत नाहीं, असें ज्यानें मानलें, त्याची गांठ तीनशें पंचवीसांशीं पडते. म्हणून प्रत्येक बैठकीच्या आरंभीं सेल मोजून पाहण्याची संवय लावून घ्यावी. अर्ध्या मिनिटाचें काम आहे.

तिसरा प्रश्न पल्ल्याचा. अशा यंत्रांत बहुधा आठ बिटांचें मोजमाप असतें, म्हणजे पडद्याची सारी उंची २५६ पायऱ्यांत विभागलेली असते. एका चौकटीस पांच व्होल्ट धरले व चौकटी आठ असल्या, तर चाळीस व्होल्टांच्या २५६ पायऱ्या होतात आणि एक पायरी सुमारें ०.१६ व्होल्टची पडते. अशा पल्ल्यावर सेल मोजणें म्हणजे धान्याच्या कांट्यावर सोनें तोलणें होय. तोच सेल अर्ध्या व्होल्टच्या चौकटीवर मोजला, तर पायरी ०.०१६ व्होल्टवर येते. आकृति पडद्यांत मावेल तेवढी मोठी ठेवावी. मात्र तिचें टोंक वर कापलें जाऊं देऊं नये, कारण कापलेल्या टोंकाची उंची खोटी असते.

कांहीं वेळां आंकडा खरा असतो, परंतु तो निराळ्या प्रश्नाचें उत्तर असतो. यंत्र ए.सी. वर राहिलें, कीं स्थिर दाब अडविला जातो आणि भरलेला सेलहि शून्य दाखवितो. बारा व्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरवर चौतीस आले म्हणून घाबरण्याचें कारण नाहीं. बारा हा आर.एम.एस. आंकडा होय, त्याचें शिखर सुमारें सतरा आणि शिखरापासून तळापर्यंतचें अंतर चौतीस. भार नसतांना हे आंकडे आणखी थोडे वाढतात.

याच्याहि पलीकडे, मोजण्याच्या क्रियेनेंच मोजावयाची वस्तु बदलते. दहा व्होल्टवर एक-एक मेगओहमचे दोन रेझिस्टर ओळीनें जोडले, तर मध्यावर पांच व्होल्ट असतात. तेथें एक मेगओहमचें यंत्र एकपटीच्या प्रोबनें जोडलें, कीं ३.३ व्होल्टच उरतात. दहापटीच्या प्रोबनें सुमारें ४.८ मिळतात. येथें यंत्र खोटें बोलत नाहीं. तें जोडल्यानंतरची स्थितिच सांगतें.

दाब वेगानें बदलणारा असेल, तर आणखी दोन गोष्टी पाहाव्या. दहापटीच्या प्रोबला एक बारीक स्क्रू असतो. यंत्राच्याच चौकोनी लहरीला, जी बहुधा एक किलोहर्ट्झची असते, प्रोब लावून लहरीचे माथे सपाट होईपर्यंत तो फिरवावा. माथे उतरते किंवा टोंकदार राहिले, तर जलद लहरींची उंची खोटी दिसते. दुसरें असें कीं, बँडविड्थ म्हणून जो आंकडा लिहितात, त्या वेगाला यंत्र खऱ्या उंचीच्या सुमारें ७० टक्केच दाखवितें. उंची बिनचूक हवी असेल, तर लहर त्या आंकड्याच्या पंचमांशाच्या आंत असावी.

इतकें करूनहि दोन-तीन टक्क्यांचा फरक राहिला, तर समाधान मानावें. चांगल्या ऑसिलोस्कोपांनाहि तेवढी सूट सामान्यतः दिलेली असते. त्याचें काम दाबाचें रूप दाखविण्याचें. बिनचूक आंकडा हें मल्टिमीटरचें काम. एक मर्यादा मात्र कधींहि ओलांडूं नये. प्रोबचा ग्राउंडचा चिमटा यंत्राच्या धातूच्या भागांशीं आणि चार्जिंगच्या तारेशीं जोडलेला असतो. म्हणून घरच्या विजेला सरळ जोडलेल्या कोणत्याहि भागाला तो लावूं नये, व यंत्रावर लिहिलेल्या कमाल दाबापुढें जाऊं नये. मापाची चूक पुन्हां मोजून सुधारतां येते. ही चूक सुधारण्यास मोजणारा उरेलच, याची खात्री नसते.