‘कन्फाइनमेंट’: शीव, कोठडी आणि बाळंतिणीची खोली

इंग्रजी कथात्म साहित्य मराठीत आणताना जे शब्द वरवर सोपे वाटतात आणि ऐन वेळी फसवतात, त्यांत ‘कन्फाइनमेंट’ या शब्दाची गणना करावी लागेल. बंदिवास, स्थानबद्धता, मर्यादा आणि प्रसूती असे चार अर्थ या एकाच शब्दाच्या पोटात नांदतात. एकोणिसाव्या शतकातील एखाद्या पत्रात पत्नीचे ‘कन्फाइनमेंट’ पुढील महिन्यात अपेक्षित असल्याचा उल्लेख आला, तर नवखा विद्यार्थी त्या बाईला तुरुंगात पाठवून मोकळा होतो. ही चूक हास्यास्पद खरी. परंतु ती केवळ अज्ञानातून होते असे म्हणता येत नाही. शब्दाचा इतिहास पाहिला तर या चुकीला काही आधार असल्याचे दिसते.

लॅटिनमधील ‘फिनिस्’ म्हणजे शेवट, हद्द. त्यावरून ‘कॉन्फिनिस्’, म्हणजे ज्याची हद्द दुसऱ्याच्या हद्दीला भिडलेली आहे असा. मराठीत शिवेला शीव लागलेला म्हणावे, तसा शेजारी. याच कुळातील ‘अफिनिटी’ हा शब्द विवाहाने जोडल्या गेलेल्या आप्तसंबंधाचा वाचक आहे, तर ‘फाइन’ हा दंडवाचक शब्द वाद कायमचा मिटवण्यासाठी द्यावयाच्या अखेरच्या रकमेतून आलेला आहे. मूळ कल्पना अशी की, सीमा ही दोघांना वेगळे करते तशीच एकमेकांना चिकटवूनही ठेवते. इंग्रजीत हे क्रियापद सोळाव्या शतकात आले तेव्हा ‘लागून असणे’ एवढाच त्याचा अर्थ होता. त्या शतकाच्या अखेरीस ‘हद्दीच्या आत ठेवणे’ हा अर्थ रूढ झाला आणि पुढे त्याने पहिल्या अर्थाला जवळजवळ हुसकावून लावले.

हे संक्रमण शेक्सपिअरच्या नाटकांत स्पष्ट पाहता येते. ‘ज्यूलियस सीझर’मध्ये अँटनीच्या तोंडी हे नाम प्रदेश, मुलूख या जुन्या अर्थाने येते. ‘हॅम्लेट’मध्ये मात्र डेन्मार्कला बंदिशाळा ठरवणारा नायक तोच शब्द तळघरातील कोठड्यांच्या पंक्तीला बसवतो. दोन्ही नाटकांत फार तर काही वर्षांचे अंतर. पण एका ठिकाणी सीमा मोकळ्या रानाची आहे, तर दुसऱ्या ठिकाणी भिंतीची. ‘मॅकबेथ’मध्ये फ्लिअन्स निसटल्याचे कळताच नायक खोपट, गोठा आणि हद्द या तीन कल्पनांवरून घडवलेली विशेषणे एका दमात स्वतःला लावतो. सिंहासनावर बसलेल्या माणसाला येथे कोणी कोंडलेले नाही, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे.

बंदिवासाच्या इतर शब्दांशी तुलना केली असता या शब्दाचे वेगळेपण अधिक उठून दिसते. ‘जेल’ हा शब्द लहान पिंजरा या अर्थाच्या लॅटिन शब्दापासून आला आहे, तर ‘प्रिझन’च्या मुळाशी पकडण्याची क्रिया आहे. अरबीतून आलेल्या ‘कैद’ या शब्दात बेडी आहे. मराठीतील ‘तुरुंग’ पोर्तुगीज ‘त्रोंकु’पासून आला. त्याचा अर्थ झाडाचे खोड, आणि त्यावरून कैद्याचे पाय अडकवण्याचे लाकडी साधन. (आपल्या ‘खोडा’ या शब्दाचीही वाट हीच आहे. घोड्याच्या ‘तुरंगा’शी या तुरुंगाचा काही संबंध नाही.) या सर्व शब्दांत काही ना काही वस्तू किंवा हात दिसतो. ‘कन्फाइनमेंट’मध्ये केवळ एक रेषा आहे. माणसाला कोणी धरले, कशाने बांधले, याविषयी हा शब्द मौन पाळतो. सत्तेला तो सोयीचा वाटावा, याचे कारण या मौनात असावे.

इटलीतील फॅसिस्ट राजवटीने त्याचाच भाईबंद वापरला. राजकीय विरोधकाला दूरच्या बेटावर किंवा दक्षिणेतील एखाद्या खेड्यात नेऊन ठेवण्याच्या शिक्षेला ‘कॉन्फिनो’ म्हणत. आंतोनियो ग्राम्शीला 1926 मध्ये प्रथम उस्तिका बेटावर पाठवण्यात आले ते याच पद्धतीने. कार्लो लेवी 1935–36 मध्ये लुकानिया प्रांतात होता आणि त्या वास्तव्यातून त्याचे 1945 मध्ये प्रसिद्ध झालेले पुस्तक उभे राहिले. येथे भिंत नाही, कुलूप नाही. गावाची वेस हीच कोठडी. मराठीतील ‘तडीपार’ आणि ‘स्थानबद्ध’ हे दोन शब्द परस्परविरुद्ध दिशांचे आहेत, एक बाहेर घालवतो, दुसरा आत राखतो. ‘कॉन्फिनो’त या दोन्ही शिक्षा एकत्र येतात.

भारतीय दंडसंहितेने (1860) हद्दीची कल्पना फार काटेकोरपणे सांभाळली होती. कलम 339 केवळ वाट अडवण्याबद्दल होते. कलम 340 मधील ‘राँगफुल कन्फाइनमेंट’साठी विशिष्ट परिघाबाहेर जाण्यास प्रतिबंध झाला पाहिजे, अशी अट होती. दारांवर शस्त्रधारी माणसे उभी करणे एवढ्यानेही तो गुन्हा पुरा होई, कुलपाची आवश्यकता नव्हती. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत या तरतुदी अनुक्रमे कलम 126 आणि 127 मध्ये आल्या आहेत. लॅटिन ‘फिनिस्’ अशा रीतीने आजही आपल्या न्यायालयांत हजर आहे.

आता प्रसूतीच्या अर्थाकडे वळावे लागते, कारण खरी अडचण तेथे आहे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून हा शब्द बाळंतपणासाठी रूढ झाला. बाळंतिणीला खोलीत, बिछान्यावर ठेवण्याची प्रथा त्यामागे होती. सभ्य समाजात गर्भ, वेणा, रक्त यांचा उच्चार टाळायचा असल्याने घटनेऐवजी खोलीचे नाव घेतले गेले. मराठी ‘बाळंतपण’ शब्दात बाळ समोरच आहे. इंग्रजी शब्दात ना बाळ आहे, ना आई. पण मराठीही येथे सर्वस्वी निरागस नाही. सुवेराचे दिवस, अंधारी खोली, शिवाशिवीचे निर्बंध हे सारे हद्दच आखत होते. फरक इतकाच की, ही हद्द आपण बाळंतपणाच्या नावात घातली नाही.

याहून महत्त्वाचे साम्य शेवटच्या टप्प्यावर सापडते. ‘कन्फाइनमेंट’ संपते ते ‘डिलिव्हरी’ने, आणि ‘डिलिव्हरी’च्या मुळाशी मुक्त करणे या अर्थाचे लॅटिन क्रियापद आहे. इंग्लंडच्या जुन्या न्यायव्यवस्थेत ‘गाओल डिलिव्हरी’ नावाची न्यायाधीशांची अधिकारसनद असे. तुरुंगात खितपत पडलेल्या आरोपींचे खटले निकालात काढून तुरुंग रिकामा करणे हे तिचे काम. मराठी घरांत ‘सुखरूप सुटका झाली’, ‘पोर मोकळी झाली’ असे म्हणतात तेव्हा हीच प्रतिमा, कोणाकडून उसनी न घेता, अवतरलेली असते. दोन्ही भाषांना प्रसूती ही सुटका वाटली. मग त्याआधीची अवस्था काय होती, हे दोन्ही भाषा न सांगता सांगतात. त्या काळी या सुटकेची खात्री नव्हती, हेही विसरता येत नाही.

अमेरिकन लेखिका शार्लट पर्किन्स गिलमन हिने ‘द यलो वॉलपेपर’ (1892) या कथेत शब्दाच्या या दोन अर्थांना एकाच खोलीत आणले. डॉक्टर सायलस वेअर मिचेल यांच्या ‘विश्रांती-उपचारा’चा अनुभव तिने 1887 मध्ये स्वतः घेतला होता. कथेतील नवमातेला तिचा डॉक्टर पती माडीवरच्या गजांच्या खिडक्यांच्या खोलीत ठेवतो. बाळ दुसऱ्याच बाईच्या हाती असते, आणि लिहिण्यास मनाई. बाळंतपण उलटून गेले, सुटका मात्र झालेली नाही. या कथेच्या भाषांतरात ‘विश्रांती’ आणि ‘कोंडणे’ यांपैकी एकाच शब्दकुलाची निवड केली, तर पतीचा प्रेमळ स्वर तरी हरवतो किंवा पत्नीची घुसमट तरी.

2020 मध्ये हे सारे अर्थ पुन्हा हलले. फ्रान्सने 17 मार्चपासून लागू केलेल्या निर्बंधांना ‘कॉन्फिनमाँ’ हेच नाव मिळाले. मराठी वृत्तपत्रांनी त्याच वेळी गिरणी-कारखान्यांच्या मालकांनी कामगारांना बाहेर ठेवण्यासाठी वापरलेला ‘टाळेबंदी’ हा शब्द लोकांना आत ठेवण्यासाठी योजला, आणि कुलपाची बाजू बदलली तरी कोणाला खटकले नाही. सिंगापूर आणि मलेशियातील इंग्रजीत मात्र ‘कन्फाइनमेंट’ म्हणजे आजही चिनी प्रथेप्रमाणे बाळंतिणीने पाळावयाचा महिना, आणि त्या महिन्यात घरी येऊन आई-बाळाचे सर्व काही करणारी बाई ‘कन्फाइनमेंट नॅनी’.