संकेतस्थळ झटपट, नोंदींचे काय?

यवतमाळ जिल्हा प्रशासनाचे संकेतस्थळ ‘एस-थ्री-वास’ या तयार साच्यावर उभे आहे. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने विकसित केलेल्या या साच्यामुळे प्रत्येक जिल्ह्याला स्वतंत्र प्रोग्रॅम लिहावा लागत नाही.

डेटाबेसवर चालणाऱ्या संकेतस्थळांत अर्ज, शोध, यादी आणि दुरुस्ती ही कामे पुन्हा पुन्हा येतात. ‘रुबी ऑन रेल्स’ (२००४) आणि ‘जँगो’ (२००५) यांसारख्या साधनसंचांनी ती बरीचशी आयती उपलब्ध करून दिली. नाव, गाव, खाते क्रमांक असे रकाने एकदा ठरविले, की अर्जाचा नमुना तयार होतो. रकाना रिकामा असल्यास अर्ज अडविण्याचा नियमही एका ओळीत लिहिता येतो. त्यामुळे महिन्यांचे काम आठवड्यांवर येऊ शकते.

मात्र, भरलेली माहिती खरी आहे की नाही, हे साधनसंचाला कळत नाही. २०१७ च्या कर्जमाफीत शेतकऱ्यांचे ऑनलाइन अर्ज आणि बँकांच्या नोंदी यांत तफावत आढळल्याने लाभ लांबला. शेतकरी आत्महत्यांनी होरपळलेल्या यवतमाळसारख्या जिल्ह्यात अशा विलंबाची झळ थेट घराला बसते. प्रोग्रॅम लिहिण्यात वाचलेला वेळ नोंदींच्या पडताळणीसाठी खर्च झाला, तरच या वेगाचा उपयोग आहे.