लिनक्स कॉम्प्युटरवर मोफत ऑफिस कसं टाकायचं? मराठीसाठी काय तपासायचं?

पेण तालुक्यात गणेशमूर्तींचा धंदा म्हणजे वर्षभराचा हिशेब. कोणाची किती मूर्तींची ऑर्डर, आगाऊ किती आले, बाकी किती. रामवाडीतल्या एखाद्या घरी हा हिशेब जुन्या कॉम्प्युटरवर असेल, तर एक अडचण आहे. विंडोज १० चा सर्वसाधारण सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि बरेच जुने कॉम्प्युटर विंडोज ११ घेत नाहीत. अशा वेळी मोफत लिनक्स कामी येतं. मग प्रश्न उरतो ऑफिसचा.

लिब्रेऑफिस म्हणजे काय?

पत्र लिहायला रायटर, हिशेबाला कॅल्क, स्लाइडसाठी इम्प्रेस. ओपनऑफिसवर काम करणाऱ्यांपैकी अनेकांनी २०१० मध्ये वेगळं होऊन द डॉक्युमेंट फाउंडेशन ही संस्था काढली आणि लिब्रेऑफिस सुरू केलं. ते घरी वापरा किंवा धंद्यात, पैसे लागत नाहीत. त्यामुळे 'क्रॅक' केलेलं ऑफिस टाकून व्हायरस ओढवून घेण्याची गरज नाही.

कसं टाकायचं?

१. आधी मेनूत 'लिब्रेऑफिस' शोधा. लिनक्स मिंटमध्ये ते आधीच असतं. नव्या उबुंटूत साधं इन्स्टॉलेशन निवडलं असेल तर नसतं.

२. नसेल तर मिंटचा सॉफ्टवेअर मॅनेजर किंवा उबुंटूचं अ‍ॅप सेंटर उघडा, नाव शोधा आणि इन्स्टॉल दाबा.

३. कॉम्प्युटर पासवर्ड मागेल, तो द्या. डाउनलोड मोठं असतं, म्हणून मोबाइल डेटाऐवजी वायफाय बरं.

अनोळखी वेबसाइटवरून किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या लिंकवरून डाउनलोड करू नका.

मराठीसाठी काय करायचं?

खरं काम इथे आहे. टूल्स, मग ऑप्शन्स, आणि त्यात भाषेचा विभाग उघडा. तिथे 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट' चालू करून मराठी निवडा. देवनागरीचा फॉन्ट इंग्रजीपेक्षा वेगळा ठरवावा लागतो. नोटो सान्स देवनागरी किंवा मुंबईच्या एक टाइपचा मुक्ता हे दोन्ही मोफत आहेत. टाइप करण्यासाठी लिनक्सच्या कीबोर्ड सेटिंगमध्ये मराठी जोडा.

जुन्या फाइली उघडतील का?

वर्ड आणि एक्सेलच्या साध्या फाइली उघडतात. मात्र मंगल फॉन्ट मायक्रोसॉफ्टचा आहे. तो लिनक्सवर नसल्याने दुसरा फॉन्ट लागतो आणि ओळी किंवा पानं सरकू शकतात. एक्सेलमधले मॅक्रो नीट चालतीलच असं नाही. कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमधला मजकूर मात्र अगम्य इंग्रजी अक्षरांसारखा दिसतो. फाइल बिघडलेली नसते, तो मजकूर युनिकोडमध्ये नसतो. कन्व्हर्टरने तो एकदा बदलून घेतला की पुढे कुठेही वाचता येतो.

फाइल पाठवताना

समोरच्याला फक्त वाचायची किंवा छापायची असेल तर पीडीएफ पाठवा, मांडणी हलत नाही. त्याला बदल करायचा असेल तर 'सेव्ह अ‍ॅज'मध्ये वर्ड किंवा एक्सेलचा प्रकार निवडा.

आणि हे सगळं करण्याआधी एक काम नक्की करा: लिनक्स टाकताना जुनी डिस्क पुसली जाऊ शकते, म्हणून हिशेबाच्या फाइली आधी पेनड्राइव्हवर काढून ठेवा.