बेबी बॅक म्हणजे पिल्लाच्या बरगड्या नव्हेत!

आज थेट विषयावर येतो. मागच्या उन्हाळ्यात अमेरिकेत एका मित्राच्या घरामागच्या अंगणात मी सहा तास खपून पोर्क रिब्ज केल्या. झाकण उघडलं तर हाडं एकीकडे, मांस दुसरीकडे. अक्षरशः लगदा! दहा माणसं ताटं घेऊन उभी. रेसिपी बरोबर होती हो, मी पाकीटच भलतं उचललं होतं.

आता एक करा. स्वतःची बरगडी चाचपून बघा. मागे कण्यापासून निघते, वळसा घेते, पुढे छातीकडे येते. डुकराचंही तसंच. फक्त ते चार पायांवर, म्हणून कणा वर आणि पोट खाली. साधारण 14 जोड्या असतात. गंमत अशी, की एकाच बरगडीचा वरचा भाग एका नावाने विकतात आणि खालचा दुसऱ्या.

वरचा, कण्याजवळचा भाग म्हणजे बेबी बॅक. पाठीचं मऊ मांस, ज्याला लॉइन म्हणतात, ते काढून घेतल्यावर उरणारी ही पट्टी. हाडं आखूड आणि चांगली वळलेली, चरबी कमी, शिजायला लवकर. आणि हो, पिल्लाचा इथे काही संबंध नाही! डुक्कर वाढलेलंच असतं. खालच्या लांब हाडांपुढे ही छोटी दिसतात, म्हणून ‘बेबी’.

खालच्या, पोटाकडच्या भागाला स्पेअर रिब्ज म्हणतात. हाडं लांब, सपाट. चरबी भरपूर, आणि माझ्या मते चवही इथेच. या पट्टीच्या कडेचं छातीचं हाड आणि कुर्चा छाटून ती नीट चौकोनी केली, की झाला सेंट लुइस कट. मिझुरी राज्यातल्या शहराचं नाव आहे ते, डुकराची जात नाही. छाटलेले तुकडे वाया जात नाहीत. त्यांना रिब टिप्स म्हणतात, आणि शिकागोच्या साउथ साइडला लोक त्यांच्यावर जीव टाकतात.

कंट्री स्टाइल रिब्ज हे नाव मात्र निव्वळ फसवं. ते खांद्याजवळचं मांस, बरेचदा त्यात बरगडीच नसते!

मग माझं काय चुकलं? मी वापरली 3-2-1 पद्धत. 225 फॅरेनहाइटला, म्हणजे साधारण 107 सेल्सिअसला, तीन तास धूर, दोन तास फॉइलमध्ये गुंडाळून, शेवटचा एक तास सॉस लावून. ही पद्धत स्पेअर रिब्जची. पोर्क 63 सेल्सिअसला खायला सुरक्षित होतं, पण बरगड्या तेव्हा चामटच लागतात. त्यातलं कोलॅजन विरघळून जिलेटिन व्हायला आतलं तापमान 90च्या पुढे जावं लागतं, आणि तेही सावकाश. जाड, चरबीवाल्या स्पेअर रिब्जना तेवढा वेळ लागतोच. बेबी बॅक बिचाऱ्या त्याच्या आधीच तयार होतात. त्यांना 2-2-1 पुष्कळ झालं.

दोन्ही प्रकारांत हाडांच्या आतल्या बाजूचा पातळ पापुद्रा आधी ओढून काढा. कागदी रुमालाने पकडला की निसटत नाही. आणि घड्याळावर फार विसंबू नका. पट्टी चिमट्याने एका टोकाजवळ धरून उचला. ती छान वाकली आणि वरच्या मांसाला भेग पडायला लागली, की उतरवा. तुटून पडली तर उशीर झालाय.